भरवशाच्या माणसाचं परराष्ट्र धोरण

परराष्ट्र धोरणात मुद्दाम बेभरवशाचं वागणं, हा विषय मी गेली काही वर्षं कॉलेजात शिकवते आहे. आपण पुढे काय करू याचा समोरच्या देशाला अंदाजच येऊ द्यायचा नाही, म्हणजे तो बिचकून, दबून वागतो, असा या धोरणाचा दावा. हा भाग आला की वर्गातली झोपाळू पोरंसुद्धा सावरून बसतात. त्यांना वाटतं, वेडेपणाच करायचा तर त्याला अभ्यास कशाला हवा. मग मी पुस्तक मिटते आणि त्यांना एक दाखला सांगते. तो कुठल्याच पुस्तकात नाही. त्यात तीन देश आहेत, एक नदी आहे, एक छत्री आहे आणि इगतपुरीला जाणारी संध्याकाळची पॅसेंजर आहे.

माझे वडील रेल्वेत केबिनमन होते. घरात त्यांना सगळे दादा म्हणत, आईसुद्धा आमच्या देखत तसंच म्हणायची. केबिनमधले जाड लोखंडी खटके ओढून रुळांचे सांधे बदलायचे आणि सिग्नल पाडून गाडीला वाट द्यायची, हे त्यांचं काम. इगतपुरीच्या पावसात आणि धुक्यात चार पावलांवरचा माणूस दिसत नाही, तिथे ड्रायव्हरला भरवसा फक्त सिग्नलचा. त्या कामानं दादांचा स्वभाव घडला होता, की तसल्या स्वभावामुळे त्यांना ते काम मिळालं होतं, कोण जाणे. एकदा बोललेलं त्यांनी कधी फिरवलं नाही. कपाळावर आठी आली की ती का आली हे आम्हाला आधीच ठाऊक असायचं. इतक्या भरवशाच्या माणसाबरोबर राहणं सोपं असतं आणि अवघडही, कारण त्याच्याशी वाद घालायला जागाच नसते.

मी बी.ए.साठी नाशिकला जाऊ लागले तेव्हा दादांनी एकच नियम घातला होता. सकाळच्या गाडीनं जायचं आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत यायचं. पॅसेंजर चुकली की कॉलेज बंद. आमचं कॉलेज गंगापूर रोडला आणि स्टेशन नाशिकरोडला, म्हणजे शहराचं पार दुसरं टोक. मधे सिटी बस आणि तिचे नखरे. त्यामुळे पॅसेंजर संध्याकाळची असली तरी माझी निघायची घाई दुपारपासूनच सुरू व्हायची. शेवटच्या वर्षापर्यंत मी ती गाडी एकदाही चुकवली नव्हती. बापाची लेक होते.

आमच्या शहरातल्या कॉलेजांची मिळून एक स्पर्धा व्हायची. तीन कल्पित देश, वरचा, मधला आणि खालचा. त्यांच्यातून वाहणारी एक नदी. वरच्या देशाला धरण बांधायचं असतं, खालच्याला पाणी हवं असतं, मधला दोघांकडे बघून ठरवतो. प्रत्येक देशाचे दोन प्रतिनिधी. दिवसभर वाटाघाटी करायच्या आणि दिवेलागणीला परीक्षक उठायच्या आत करार व्हायला हवा. ज्यानं आपल्या देशासाठी जास्त मिळवलं तो जिंकला. करार झालाच नाही तर तिघेही बाद.

दुसऱ्या वर्षाला असताना मी आणि माझ्या वर्गातला एक नामपूरचा मुलगा, आम्ही दोघं खालचा देश होतो. आमच्या इगतपुरीत पावसाळ्यात छपरावर, अंगणात, चुलीपाशी सगळीकडे पाणी, आणि मी तिथे उभी राहून पाण्याच्या एकेका घोटासाठी कळवळून बोलत होते. बोलणं मला चांगलं जमायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मधला देश आमच्या बाजूला झुकला होता. वरच्या देशाचा पुढारी शहरातल्या एका वकिलाचा मुलगा होता, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. चहा घेताना त्यानं मला अगदी काळजीनं विचारलं, "तुम्ही इगतपुरीच्या ना? मग परत जायचं कसं?"

रेल्वे कॉलनीत वाढलेल्या माणसाला गाडीबद्दल विचारलं की तो सांगतोच. त्याला राहवतच नाही. मी त्याला पॅसेंजरची वेळ सांगितली, ती सहसा किती उशिरा असते ते सांगितलं, सिटी बसला किती वेळ लागतो तेही सांगितलं. एवढंच नाही, पॅसेंजर चुकली तर माझं कॉलेज बंद होईल हेसुद्धा हसत हसत सांगून टाकलं. आ बैल मला मार, दुसरं काय.

दुपारनंतर त्यानं काहीच केलं नाही. प्रत्येक कलमावर "जरा विचार करून सांगतो" म्हणत राहिला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हसत राहिला. माझी निघायची वेळ झाली तेव्हा करार अर्धाही झाला नव्हता. मी घाईघाईनं जे मिळेल ते मान्य केलं, दप्तर उचललं आणि बससाठी पळाले. गाडीत बसल्यावर मला रडू आलं. हरल्याचं नाही, मूर्ख ठरल्याचं. इगतपुरी येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

पुढचं वर्ष माझं शेवटचं. त्याच उन्हाळ्यात आपल्या देशानं वाळवंटात अणुचाचण्या केल्या होत्या आणि जगात कुणाला आधी पत्ता लागला नव्हता. पानाच्या टपरीपासून स्टाफरूमपर्यंत सगळीकडे तोच विषय. आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी अभ्यासक्रम बाजूला ठेवून एक अख्खा तास या धोरणावर घेतला. काही राज्यकर्ते मुद्दाम अशी हवा करतात की हा माणूस भडकला तर काहीही करेल, मग समोरचे त्याला सांभाळून घेतात. सर म्हणाले, "आपल्याकडे याला वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात."

नामपूरच्या मुलाला हे फारच आवडलं. याही वर्षी आम्ही खालचाच देश होतो. स्पर्धेची रंगीत तालीम झाली तेव्हा त्यानं टेबलावर हात आपटले, धरण फोडून टाकू म्हणाला, नकाशा फाडला. वरच्या देशाचं काम करणारी आमचीच मुलं थोडी हसली. पण मधला देश झालेल्या ज्युनिअर मुली घाबरून सरळ वरच्या देशाकडे गेल्या. एक तर म्हणाली, "यांच्याबरोबर कोण राहील? हे उद्या आमच्याही अंगावर येतील."

सरांनी चष्मा पुसला. "वेड पांघरून निघालात, पण पेडगाव कुठे आहे ते बघितलंच नाही. ज्याला घाबरवायचं त्याला हसू आलं आणि जो आपला होता तो पळाला."

आम्ही दोघं कॅन्टीनमध्ये मान खाली घालून बसलो. चहाचा कप बाजूला सारून तो म्हणाला, "आमच्या नामपूरच्या कांदा मार्केटात एक म्हातारा शे. लिलाव चालू असला की तो ओरडत नाही, भांडत नाही. मुकाट्यानं ट्रॅक्टर चालू करतो. कधी खरंच निघून जातो, कधी नुसता चालू ठेवतो. व्यापाऱ्यांना आजवर कळलं नाही."

"आणि त्याच्या घरच्यांना?"

"घरच्यांना सगळं माहीत राहतं. त्याची सून सकाळीच सांगते, आज म्हातारा कांदा विकून येईल का परत आणील."

तिथे आमचं धोरण ठरलं. आरडाओरडा नाही. मधल्या देशाला सकाळीच सगळं खरं सांगायचं, की आम्ही तुम्हाला सोडून उठणार नाही. आणि वरच्या देशाला आमच्या निघण्याची वेळ कळूच द्यायची नाही. धोरण नामी होतं. त्यात एकच अडचण होती, ती म्हणजे मला खरंच पॅसेंजर गाठायची होती.

रात्रीच्या जेवणाला मी दादांपुढे विषय काढला. आधी नुसतं धोरण समजावून सांगितलं. त्यांनी भात कालवता कालवता ऐकलं.

"आमच्यात असलं नाय चालत," ते म्हणाले. "हिरवा म्हंजे हिरवा, लाल म्हंजे लाल. उद्या मी म्हनलं, आज जरा ड्रायव्हरला कोड्यात पाडू, तर गाडीभर मानसं मरतील."

"पण दादा, ड्रायव्हर तुमचा माणूस आहे. सिग्नल त्याच्यासाठी असतो. चोर रुळावरून निघाला तर त्याला तुम्ही सिग्नल पाडून देता का?"

त्यांनी आमटीची वाटी पुढे ओढली. दादांनी वाद सोडला की पटलं असं नव्हे, एवढं मला माहीत होतं. मग मी धीर करून खरं ते बोलले. मला बी.ए.नंतर एम.ए. करायचं होतं. त्यांच्या मनात डी.एड. होतं, म्हणजे शाळेत नोकरी लागेल आणि गावातच राहीन. गेल्या वर्षी हरून आल्यापासून ते म्हणायचे की नुसत्या बोलण्यानं कुणाचं पोट भरत नाही. मी म्हटलं, "या वेळी जिंकले तर एम.ए. करू द्याल?"

आई वाढता वाढता थांबली. दादांनी ताटाभोवती पाणी फिरवावं इतक्या शांतपणे सांगितलं, "जिंकून दाखव. मग बघू."

मला हर्ष झाला तो तेवढ्यापुरताच. कारण हात धुऊन आल्यावर ते म्हणाले, "पन पॅसेंजर चुकवायची नाय. त्या दिशी माझा रेस्ट हाय. मीच येतो न्यायला."

म्हणजे जिंकायचं तर गाडी चुकवायला हवी आणि गाडी चुकवली तर कॉलेज बंद. आईनं माझ्याकडे बघितलं. ती ताटं गोळा करायला लागली. दादांचा शब्द फिरत नसतो हे तिला माझ्यापेक्षा जास्त वर्षं माहीत होतं.

स्पर्धेच्या दिवशी दादा खरंच आले. लग्नाकार्यात घालायचा पांढरा शर्ट, पायात नवीन चपला आणि हातात ती लांब दांड्याची काळी छत्री. नाशिकला लख्ख ऊन होतं, पण इगतपुरीचा माणूस आभाळावर विश्वास ठेवत नाही. ते शेवटच्या रांगेत बसले आणि छत्री गुडघ्यांत धरली. मला त्यांची लाज वाटली नाही, खोटं कशाला सांगू, पण धसका मात्र घेतला.

वरच्या देशाचा पुढारी तोच वकिलाचा मुलगा होता. सकाळीच भेटला. "या वेळी पण तीच गाडी का?"

माझ्या ओठांवर वेळ आली होती. मी ती गिळली आणि म्हटलं, "बघू."

एवढा एक शब्द बोलायला मला वर्षभर लागलं होतं. त्याचं हसू जरासं हललं आणि मला फार बरं वाटलं. पण ते सुख चहापर्यंतच टिकलं. चहाच्या वेळी मी बघते तर तो दादांशेजारी जाऊन उभा. हातात त्यांच्यासाठी चहाचा कप. "काका, तुम्ही यांचे वडील का? रेल्वेत असता? मग पॅसेंजरनंच जाणार असाल ना?"

आणि दादा, ज्यांनी जन्मात कुणाला चुकीचा सिग्नल दाखवला नाही, ते अभिमानानं म्हणाले, "हा, पॅसेंजरच. आपलं बाकी कशाचं कामच नाय. हितून लवकर निघावं लागंल, बसचा काय भरवसा नाय."

नामपूरच्या मुलानं कपाळाला हात लावला. आम्ही सकाळपासून झाकलेलं दादांनी एका चहात उघडं केलं होतं.

दुपारनंतर गेल्या वर्षीचाच खेळ सुरू झाला. "जरा विचार करून सांगतो." घड्याळ. हसू. फरक एवढाच होता की या वेळी तो घड्याळाइतकाच शेवटच्या रांगेकडेही बघत होता. छत्री उचलली की खालचा देश शरण आला, असा त्याचा हिशेब. मधला देश झालेल्या दुसऱ्या कॉलेजच्या मुली माझ्याकडे बघत होत्या. त्यांना आम्ही सकाळी शब्द दिला होता. मी तसंच बोलत राहिले, एकेक कलम, एकेक महिन्याचं पाणी, आणि मनात एम.ए.चं काय होणार ते स्वच्छ दिसत होतं. मला दादांचा राग आला होता, खूप आला होता.

मग ती वेळ झाली. शेवटच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दादा उभे राहिले. त्यांनी शर्ट खाली ओढला, छत्री घेतली आणि दाराकडे निघाले. सगळा हॉल बघत होता. वकिलाच्या मुलानं पेनाला टोपण लावलं, कागद गोळा करून टेबलावर आपटून सरळ केले आणि तो जोडीदाराच्या कानात काहीतरी बोलला. दोघं हसले. दारात पोचल्यावर दादांनी मागे वळून बघितलं. माझ्याकडे नाही. त्या दोघांकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं आणि बाहेर गेले.

मी दप्तराला हात लावला. नामपूरचा मुलगा हळूच म्हणाला, "तू जा. मी शे ना इथं." त्याच्या आवाजातच कळत होतं की त्यालाही आता आशा नाही. रस्त्यावरून सिटी बस गेल्याचा आवाज आला. बहुतेक माझीच.

आणि दादा आत आले. हातात कागदाची पुडी होती. ते आपल्या जागेवर गेले, छत्री पुढच्या खुर्चीच्या पाठीला अडकवली, चपला काढून पाय जरा मोकळे केले आणि पुडी उघडून भाजलेल्या शेंगा खायला लागले. एकेक शेंग फोडून, दाणा तोंडात, टरफल परत पुडीत. घाई कशाचीच नाही. शेजारच्या अनोळखी माणसापुढे त्यांनी पुडी धरली, त्यानंही मूठभर घेतल्या.

त्या हॉलमध्ये माझ्याइतकं दुसरं कुणी थक्क झालं नसेल. वकिलाच्या मुलाला फक्त आपलं धोरण कोसळलेलं दिसलं, मला माझं घर हललेलं दिसत होतं. मी दप्तरावरचा हात काढला. वकिलाचा मुलगा घड्याळाकडे बघे, दादांकडे बघे, परत घड्याळाकडे बघे. हे लोक कधी उठणार, उठणार तरी का, की रात्रभर शेंगा खात बसणार, त्याला काहीच सांगता येईना. एकदा दादा नुसते पाय आखडले म्हणून हलले तर तो दचकला. आणि आता वेळ त्याच्याच अंगावर आली होती, कारण करार झाला नाही तर तोही बाद होणार होता.

मी खुर्चीला पाठ टेकवली. त्या टेबलापाशी मी पहिल्यांदाच पाठ टेकवली होती. म्हटलं, "उन्हाळ्याच्या महिन्यांचं कलम परत वाचू या. आम्हाला वेळ आहे."

बाहेर दिवे लागायला आले तेव्हा वरच्या देशानं उन्हाळ्यातलं पाणी सोडायचं कबूल केलं, धरणाची उंची कमी करायचं कबूल केलं आणि पाणी मोजायला मधल्या देशाची माणसं बसवायचंही कबूल केलं. मधल्या देशाच्या मुलींनी सह्या केल्या त्या आमच्या शेजारी बसून. परीक्षकांनी निकाल सांगितला तेव्हा सर उठून उभे राहिले आणि नुसते टाळ्या वाजवत राहिले. नामपूरच्या मुलानं इतक्या जोरात माझ्या हातावर टाळी दिली की तळवा लाल झाला. आम्ही जिंकलो होतो. मी अशी जिंकले होते की आजही कुणी मला कमी लेखलं तर मी त्या संध्याकाळची आठवण काढते आणि माझी पाठ आपोआप ताठ होते.

पॅसेंजरच्या मागून येणाऱ्या रात्रीच्या गाडीला चिक्कार गर्दी होती. बक्षिसाची लाकडी ढाल दादांनी मांडीवर उभी धरली होती आणि तिच्यावर छत्री आडवी. तिकीट तपासायला आलेल्या ओळखीच्या माणसाला त्यांनी न विचारताच सांगितलं, "पोरीनं आनली." तो पुढे गेल्यावर समोरच्या बाईलाही सांगितलं. घोटीपर्यंत आमचा सगळा डबा नदीचं पाणी कुणाला मिळालं ते जाणून होता.

त्यांच्या शेजारी मलाही जागा मिळाल्यावर मी विचारलं, "दादा, तुम्ही उठलात का?"

"पॅसेंजरची येळ झाली व्हती."

"मग परत का आलात?"

ते ढालीवरच्या पितळी पट्टीवर बोट फिरवत होते. "मी उठलो तर ती दोघं खूश झाली. मला वाटलं, आपल्या उठन्यानं ह्यांना येवढा आनंद व्हत आसंल, तर आपन उठावं कशाला?" ढाल सावरून म्हणाले, "तूच म्हनलीस ना. ड्रायव्हर आपला मानूस. ती काय आपली मानसं नव्हती."

मी खिडकीबाहेर बघितलं. मागच्या वर्षी याच रुळांवर मी रडत गेले होते, या वर्षीही डोळे भरले, पण ते लपवावेसे वाटले नाहीत.

इगतपुरी जवळ आली तशी ते सावरून बसले. घसा साफ केला. "त्या एम.ए.चे तास कधी आसतात?"

"संध्याकाळी असतात, दादा."

"म्हंजे पॅसेंजर चुकनार."

"रोज चुकणार."

गाडीचा वेग कमी झाला. लांबवर त्यांच्या केबिनचा दिवा दिसायला लागला. तिकडे बघतच ते म्हणाले, "मंग ह्या गाडीनं येत जा."

पुढची दोन वर्षं मी त्याच मागच्या गाडीनं येत राहिले. दादा दिवसपाळी करून दमलेले असोत नाहीतर रात्रपाळीला निघायचे असोत, गाडी वेळेवर असो नाहीतर रखडलेली, कॉलनीच्या फाटकापाशी काळी छत्री घेऊन ते उभे असायचेच. त्या बाबतीत त्यांनी आपलं धोरण एकदाही बदललं नाही.